पूर्ण हजेरीचे बक्षीस

२०२१ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रविवारी, आमच्या बेळगावच्या शब्बाथ शाळेचा बक्षीस समारंभ दोन वर्षांच्या खंडानंतर चर्चमध्ये झाला. पूर्ण हजेरीच्या बक्षिसासाठी आम्ही सात नावे वाचली. सहावे नाव एका अकरा वर्षांच्या मुलीचे होते. ती जागेवरून उठेना. आईने कोपराने ढोसले तेव्हा ती पुढे आली, पाळकसाहेबांच्या हातातील पुस्तकाकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "मी नव्हते." पाळकसाहेबांना वाटले, मुलगी लाजते आहे. त्यांनी पुस्तक तिच्या हाती दिले, मंडळीने टाळ्या वाजविल्या, आणि पुढचे नाव पुकारले गेले.

उपासना संपल्यावर ती आमच्याकडे आली आणि पुस्तक परत देऊ लागली. विचारता विचारता सारा प्रकार कळला. २०२० च्या मार्चपासून चर्चची दारे बंद झाली, शाळाही बंद झाल्या. इतर अनेक मंडळ्यांप्रमाणे आम्हीही जूनपासून मुलांचे धडे व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. दर रविवारी सकाळी नऊ वाजता एक गोष्ट, एक चित्र आणि दोन प्रश्न. ज्या घरी पाठविलेल्या धड्यापुढे तो उघडल्याच्या दोन निळ्या खुणा आमच्या फोनवर उमटत, त्या घरच्या मुलाच्या नावापुढे आम्ही 'हजर' असे लिहीत होतो. या मुलीच्या घरी फोन एकच, आणि तो तिच्या वडिलांचा. वडील भाजीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. ते पहाटे घर सोडीत. दुपारी भाकरी खाताना ते फोन उघडीत, आमचा धडा आलेला पाहत, आणि रात्री पोरीला दाखवू असे मनाशी म्हणत. रात्री कधी फोनमध्ये चार्ज नसे, कधी पैसे संपलेले असत, आणि दोन्ही असले तर धाकट्या भावाचा शाळेचा अभ्यास त्यावर चाले. जून ते मे या बावन्न रविवारांपैकी तिने चार-पाच धडे पाहिले असतील. आमच्या हजेरीपटावर ती बावन्न वेळा हजर होती.

त्या वर्षी आमची हजेरी पूर्वी कधी नव्हती इतकी भरली होती. वार्षिक अहवालात आम्ही तसे अभिमानाने नमूद केले होते. कोणी आक्षेप घेतला नव्हता.

आम्ही खोटे लिहिले काय? हा प्रश्न आम्ही शिक्षकांनी त्यानंतर पुष्कळदा आपापसांत बोलून पाहिला. जाणूनबुजून खोटे लिहिले नव्हते, हे खरे. परंतु जे जाणून घेणे अगदी सोपे होते ते आम्ही जाणून घेतले नाही, आणि ते न जाणण्यात आमची सोय होती. एक फोन करून "बाळ, काल कोणती गोष्ट होती?" एवढे विचारायला दोन मिनिटे पुरली असती. पण उत्तर "ठाऊक नाही" असे आले असते तर पुढे काहीतरी करावे लागले असते. निळ्या खुणेने ते टळले. अज्ञान हे पाप नव्हे असे आपण सहज म्हणतो. जे अज्ञान आपण जपून ठेवतो, त्याविषयीही तसेच म्हणता येईल काय?

वर्गात शिक्षकाची एवढी फसगत होत नाही. समोर मूल बसलेले असते. त्याचे डोळे खिडकीबाहेर गेले की दिसतात, त्याला कळले नाही की ते चेहऱ्यावर उमटते. शिक्षण वर्गाबाहेर गेले की शिक्षकाच्या हाती उरते ते पाठविणे. पाठविलेले पोहोचले, पोहोचलेले उघडले गेले, उघडलेले वाचले गेले, वाचलेले समजले, या एकेका पायरीमध्ये केवढे अंतर आहे, आणि फोन आपल्याला त्यांपैकी पहिल्या दोनच पायऱ्या सांगतो. बाकीच्या आपण गृहीत धरतो.

इतके लिहिल्यावर फोनची निंदा करणे सोपे आहे, आणि आमच्या व्यासपीठांवरून ती पुष्कळ झालीही आहे. तथापि न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजू सांगितली पाहिजे. आमच्याच वर्गात अडखळत बोलणारा एक मुलगा आहे. पाठांतराच्या वेळी तो उभा राहिला की इतर मुले खुसखुसत, आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, "बरं, बस" असे म्हणून त्याची सुटका करीत असू. सुटका त्याची की आमची, हा विचार तेव्हा केला नाही. त्या बंदच्या काळात त्याने आपले पाठांतर फोनवर बोलून पाठविले. सबंध पाठ, एकही शब्द न गाळता. सात वेळा पुसून आठव्या वेळी पाठविल्याचे पुढे त्याच्या आईने सांगितले. वर्गात त्याला आम्ही आठ वेळा संधी कधी दिली होती? फोन चिडत नाही, घड्याळ पाहत नाही, पुन्हा पुन्हा विचारले म्हणून दुसऱ्या मुलांपुढे हिणवीत नाही. ज्या मुलांना वर्गाने भित्रे केले त्यांना या यंत्राने थोडा धीर दिला. ही गोष्ट आपण शिक्षकांनी जरा खाली मान घालूनच ऐकावी अशी आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव वाचकांनी ऐकले असेल. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापावयाचा, घरच्या फोनने तो टिपला की कविता ऐकू यावी, धडा चित्ररूपाने दिसावा, ही पद्धत त्यांनी आपल्या शाळेत रुजविली. पुढे महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० च्या डिसेंबरात त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. वर्तमानपत्रांनी क्यूआर कोडचे कौतुक केले, ते योग्यच होते. आम्हाला मात्र दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्या गावच्या पुष्कळ मुलांची घरची भाषा कन्नड, आणि पुस्तके होती दुसऱ्या भाषेतील. म्हणून गुरुजी आधी कन्नड शिकले आणि मग त्यांनी मुलांसाठी पुस्तके नव्याने तयार केली. कोड त्यानंतरचा. आम्ही सीमाभागातली माणसे. दुकानांच्या पाट्यांवरून आमच्याकडे केवढे रण माजते हे वाचकांना सांगावयास नको. मुलांना काय समजते आणि काय समजत नाही हे कळावे म्हणून भाषा शिकणारा मराठी शिक्षक आम्हाला त्यामुळेच जवळचा वाटतो.

आता त्या मुलीकडे पुन्हा वळू. कारण तिच्या घरी फोन होता हे आपण विसरता कामा नये. ग्रामीण भागातील मुलांच्या शिक्षणाची 'असर' या नावाने पाहणी होते. तिच्या आकड्यांप्रमाणे २०१८ साली शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ३६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ साली हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या वर गेले. तीन वर्षांत केवढी ही मजल! पण त्याच पाहणीत पुढचा एक प्रश्न होता: घरी फोन आहे, पण तो मुलाला वापरावयास मिळतो काय? फोन असलेल्या घरांतील सुमारे २६ टक्के मुलांना तो मिळतच नव्हता. म्हणजे चारांतले एक मूल त्या मुलीच्या बाकावर बसलेले होते.

आमच्या कर्नाटक राज्यात २०२० च्या ऑगस्टमध्ये 'विद्यागम' नावाची योजना सुरू झाली. मुलांचे तीन गट पाडण्यात आले: घरी स्मार्टफोन असलेले, साधा फोन असलेले, आणि काहीच नसलेले. ज्याच्या त्याच्या परिस्थितीप्रमाणे शिकविण्याची योजना होती, आणि शिक्षक गल्ल्यांत, देवळांच्या ओसरीवर, झाडाखाली मुले जमवून बसू लागले. ऑक्टोबरात रोगाच्या भीतीने हे थांबवावे लागले, आणि २०२१ च्या जानेवारीत शाळांच्या आवारात ते पुन्हा सुरू झाले. योजनेत उणिवा असतील. शिक्षकांच्या जिवाला धोका होता हे तर उघडच आहे. परंतु कोणाच्या घरी काय आहे हा प्रश्न तेथे पहिल्याने विचारला गेला. सत्तर मुलांच्या आमच्या शब्बाथ शाळेत आम्ही तो विचारला नव्हता.

कोणाच्या घरी काय आहे हे विचारूनही भागत नाही. घरात एक फोन आणि दोन मुले असली तर तो आधी कोणाच्या हाती द्यावा? हा प्रश्न न्यायाधीशापुढे जात नाही. तो चुलीपुढे, दोन मिनिटांत सुटतो. आणि बहुधा एकाच बाजूने सुटतो. मुलगा हट्ट करतो, मुलगी समजूतदार असते. "आमची ताई फार शहाणी, कधी मागत नाही," असे आई कौतुकाने सांगते. आपल्या मंडळ्यांत तर त्यागाचे कौतुक जास्तच. आम्हीही त्या मुलीच्या आईला म्हणालो होतो की तुमची मुलगी भावासाठी किती करते. आज ते शब्द आम्हाला बोचतात. आपले असेल तेच माणसाला दुसऱ्यासाठी सोडता येते. जे तिचे आहे असे तिला कोणी कधी सांगितलेच नाही, ते तिने सोडले असे कसे म्हणावे? ते तिच्याकडून घेतले गेले, आणि वर शहाणपणाची शाबासकी दिली गेली.

कोणी म्हणेल, दोघांना अर्धा अर्धा तास वाटून द्यावा, म्हणजे झाले. आम्हाला हे पुरेसे वाटत नाही. जिला भांडी घासून, पाणी भरून, धाकट्याला निजवून रात्री साडेनऊला अर्धा तास मिळतो, आणि ज्याला संध्याकाळी खेळून आल्यावर ताज्या डोक्याने अर्धा तास मिळतो, त्या दोघांना सारखेच मिळाले असे घड्याळ म्हणेल. २०२४ च्या 'असर' पाहणीत चौदा ते सोळा वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलामुलींना स्वतःचा फोन आहे काय असे विचारले होते. मुलग्यांत सुमारे ३६ टक्क्यांनी होय म्हटले, मुलींत २७ टक्क्यांनी. गरिबीने हा फरक पडतो असे म्हणावे तर भाऊ आणि बहीण एकाच गरीब घरात राहतात.

मुलीच्या हाती फोन द्यावयास आईबाप भितात, आणि ती भीती सगळीच खोटी नाही. त्याच पाहणीप्रमाणे या वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर सुमारे ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. तेव्हा काळजी वाटणारच. पण काळजी मुलगा आणि मुलगी पाहून वाटावी काय? केरळात कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा करण्याचा नियम होता. एका विद्यार्थिनीने तो मानला नाही, म्हणून तिला वसतिगृह सोडावे लागले. ती उच्च न्यायालयात गेली. आपला अभ्यास फोनवरही चालतो, असे तिचे म्हणणे होते. २०१९ च्या सप्टेंबरात न्यायालयाने तिला वसतिगृहात परत घ्यावयास सांगितले, आणि इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. आमच्यापैकी कित्येकजण मिशनच्या बोर्डिंगमध्ये वाढलो. तेथे आमची पत्रे उघडून वाचली जात, आणि ते आमच्या भल्यासाठीच होते यात आम्हाला तेव्हा शंका नव्हती. आता थोडी आहे.

मग करावे काय? येथे आपल्या शब्बाथ शाळेची जन्मकथा आठवते, कारण तिचा जन्मच वर्गाबाहेरच्या शिक्षणासाठी झाला. १७८० साली इंग्लंडातील ग्लॉस्टर गावी रॉबर्ट रेक्स यांनी जी मुले जमविली ती आठवड्याचे सहा दिवस टाचण्यांच्या कारखान्यांत व इतरत्र राबणारी मुले होती. शाळा त्यांच्या वाट्याला नव्हतीच. रविवारी त्यांना कोणा बाईच्या घरी बसवून वाचावयास शिकविले जाई. पुढे ही चळवळ पसरली तेव्हा तिच्यावर थोर थोर धार्मिक माणसांनी आक्षेप घेतले. वाचन एकवेळ ठीक, परंतु रविवारी लिहावयास शिकविणे म्हणजे शब्बाथ मोडणे, असा वाद कित्येक वर्षे चालला, आणि काही मंडळ्यांत लिहिणे बंदही करण्यात आले. आज आपल्याला त्या वादाचे हसू येते. साधन शुद्ध की अशुद्ध, यावर तेव्हा एवढी शाई खर्च झाली. त्या पोरांना उरलेले सहा दिवस कारखान्यात का जावे लागते, यावर तेवढी झाली नाही. फोनविषयीच्या आपल्या चर्चा ऐकताना आम्हाला ते रविवारचे लिहिणे आठवते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरांतून टीव्ही आणि फोन बंद, आणि दीड तास मुलांचा अभ्यास. साडेआठला दुसरा भोंगा. प्रथम ऐकले तेव्हा आम्हाला वाटले, हे यंत्राविरुद्धचे बंड दिसते. नीट विचार केल्यावर दिसते ते वेगळेच. हा नियम पोरांपुरता नाही. त्या दीड तासात आईनेही मालिका सोडावयाची आणि बापानेही फोन खाली ठेवावयाचा. मुलाचा अभ्यास हे सबंध गावाचे काम आहे, असे तो भोंगा सांगतो. मुलाला अभ्यासाला बस म्हणून स्वतः पडद्यात डोके घालणारे आमच्यासारखे पालक त्यात सापडतात.

आम्ही आमच्या मंडळीच्या महिला सभेत हा विषय मांडला. फोन मुलांच्या हाती द्या, मुलीलाही द्या, पण जवळ बसा, असे सांगितले. भाषण बरे झाले असे सगळ्या म्हणाल्या. मग मागून त्या मुलीची आई उठली. ती चार घरी स्वैपाक करते. ती म्हणाली, "सर, तुम्ही म्हणता जवळ बसा. हे रात्री नऊला येतात, मी साडेआठला. दोघं दमलेले. त्यात मला लिहिता-वाचता येतं ते सहीपुरतं. मी पोरीजवळ बसून काय करू? तो फोनच बसतो बघा तिच्याजवळ." आमच्याजवळ उत्तर नव्हते. जवळ बसा हा उपदेश ज्याला फुरसत आहे त्याच्यासाठी लिहिलेला आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

तेव्हापासून बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा ते आठ चर्चच्या ओसरीवर मुले बसतात. मंडळीतील लोकांनी दिलेले चार जुने फोन आहेत, एकाची काच तडकलेली. शाळेच्या पुस्तकातील कोड टिपून मुले धडे ऐकतात. कोणत्याही वर्गातील असोत, कोणत्याही धर्माची असोत. त्यांच्याजवळ आमच्या मंडळीतील एक निवृत्त नर्सबाई बसतात. त्यांना आजचे गणित येत नाही, विज्ञान तर मुळीच नाही, आणि त्या ते लपवीतही नाहीत. मुलाने धडा ऐकला की त्या म्हणतात, "आता मला सांग." मूल सांगू लागते. मध्येच त्या हात वर करून म्हणतात, "हे मला नाही कळलं. परत लाव." पुष्कळदा असे होते की परत लावल्यावर ते मुलालाही कळलेले नव्हते असे आढळते. हजेरीपट त्यांच्याजवळ असतो. मुलाने त्यांना काही सांगितले तरच त्या खूण करतात, त्यामुळे आमची हजेरी आता पुष्कळ खाली आली आहे. यंदाच्या अहवालात तसेच लिहिले. एका वडीलबंधूंनी कारण विचारले.

ती मुलगी शुक्रवारी येते, बुधवारी तिला घरी काम असते. भावाला मागच्या वर्षी स्वतःचा फोन मिळाला. तिला नाही. याविषयी आम्ही तिच्या वडिलांशी एकदा बोललो, पाहू म्हणाले. पुन्हा बोलावयाचे आहे. बक्षिसाचे पुस्तक तिने परत घेतले नाही, ते आमच्या कपाटात आहे. पावसाळ्यात ओसरी एका कोपऱ्यात गळते, तेव्हा मुलांना दाटीवाटीने बसावे लागते. कौले फिरवून घेण्यासाठी मंडळीच्या कमिटीकडे अर्ज दिला आहे.